तारीख कोणाच्या खिशातून जाते?

या महिन्याच्या भागाचं हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेल्या जागा काढल्यात आणि दोन ठिकाणी सनावळी नीट केलीय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचा, आणि ज्यांनी ऐकलाय त्यांनी मधले आकडे पुन्हा तपासा. चुकलो असेन तर सांगा.

आजचा विषय आहे कोर्टात जायला लागणारा खर्च, आणि तो शेवटी भरतं कोण. विषय ऐकायला रुक्ष वाटेल, मलाही वाटला होता. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बी.टेक. केलं, ठाण्यात नोकरी करतो, कोर्टाची पायरी अजून चढलेलो नाही. पण आमच्या घरात एक वही आहे, आणि त्या वहीमुळे मी या विषयात शिरलो.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. आजोबा कुळ होते. म्हणजे जमीन दुसऱ्याची, कसायची यांनी, आणि भात पिकलं की खंड मालकाच्या खळ्यावर नेऊन घालायचा. कुळकायदा आला, जमीन नावावर होण्याची वेळ आली आणि मालकाने हरकत घेतली. पुढे १९६१ ते १९७४ अशी तेरा वर्षं ती केस चालली. आजोबा चौथी शिकलेले. त्यांनी शाळेच्या वहीत प्रत्येक तारखेचा खर्च लिहून ठेवला. एस.टी. इतके आणे (पैसे आले तरी ते बरीच वर्षं आणेच लिहायचे), भजी-चहा इतके, वकील इतके, नक्कल इतके, स्टँप इतके. काही ओळींपुढे नुसतं ‘चहापाणी २’. ते कोणाला दिलं, हे लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं.

मी ती वही एक्सेलमध्ये उतरवली. सवयच आहे. एकूण ६३ तारखा. त्यातल्या ११ तारखांना प्रत्यक्ष काहीतरी कामकाज झालं. बाकी ५२ वेळा शेरा एकच, ‘पुढील तारीख’. खर्च असा: वकील ६१० रुपये, प्रवास आणि खाणं ३८० रुपये, नकला ९६, चहापाणी ७०, आणि स्टँप, कोर्ट फी वगैरे सरकारी खर्च ४१. एकूण ११९७ रुपये. म्हणजे सरकारने न्यायाची जी अधिकृत किंमत लावली होती, ती एकूण खर्चात शंभराला साडेतीन रुपयेही नव्हती.

आमच्याकडे क्लाउडचं असंच असतं. सर्व्हर स्वस्त दिसतो, बिल फुगतं ते डेटा ये-जा करायला लागला की. कोर्टाचंही तेच. दार स्वस्त, ये-जा महाग.

मग मला प्रश्न पडला, की हे आधीपासूनच असं होतं का? म्हणून जरा मागे जाऊ.

मसाला, हरकी आणि गुन्हेगारी

मराठेशाहीत न्याय फुकट होता असं आपल्याला उगीच वाटत असतं. पंच बसले, पारावर निकाल लागला, सगळे घरी गेले. इतकं सोपं नव्हतं. तक्रार झाली की समोरच्याला बोलवायला सरकारचा प्यादा जायचा. त्याचा खर्च ज्याच्याकडे तो गेला त्याच्याकडून वसूल व्हायचा. त्याला शब्द होता ‘मसाला’. पुढे दोन्ही पक्षांकडून निकाल मान्य करू असा लेखी राजीनामा आणि जामीन घ्यायचे. मग गोतसभा किंवा पंचायत बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा.

आणि निकालानंतर? जिंकला त्याने ‘हरकी’ द्यायची. हरकी म्हणजे हर्ष झाला म्हणून सरकारला दिलेली रक्कम. ‘शेरणी’ हाही त्याच कुळातला शब्द. हरला त्याने ‘गुन्हेगारी’ भरायची. म्हणजे पैसे दोघांनी द्यायचे, फक्त एकाने आनंदाने आणि एकाने दंड म्हणून. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ साली इंग्रजीत मोठं पुस्तक काढलं, त्यात या सगळ्याची बारकाईने मांडणी आहे.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खर्चाचा मोठा भाग शेवटी यायचा. आधी भांड, मग भर. आणि पंचायत तुमच्या गावात किंवा परगण्यातच बसायची, म्हणून ये-जा कमी. याचा अर्थ तो काळ चांगला होता असा नाही. जातीने खालच्या माणसाचं, बाईचं त्या सभेत काय चालत असेल, हे मी वेगळं सांगायला नको. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीची दिरंगाई, पंचांना हजर राहायची सक्ती नसणं, हे दोष मांडलेत आणि तरीही ही पद्धत टिकवावी असं म्हटलंय. त्याच अहवालात तकाज्याचीही हकीकत आहे. सावकार कोर्टातच जायचा नाही. तो कर्जदाराच्या दारात धरणं धरून बसायचा. त्याच्या दृष्टीने तो सगळ्यात स्वस्त दावा.

आधी स्टँप, मग न्याय

इंग्रजांनी हा क्रम उलटा केला. आधी पैसे भर, मग बोल. बंगालमध्ये १७९५ च्या नियमाने दाव्यावर फी बसवली, आणि कारण दिलं की त्यामुळे खोट्या, फालतू दाव्यांना आळा बसेल. मेकॉलेने पुढे या कारणाची चांगलीच टर उडवली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. फी खोट्या माणसाला अडवत नाही, गरीब माणसाला अडवते. खऱ्या दाव्यालाही तेवढीच फी आणि खोट्यालाही तेवढीच, मग खोटेपणा गाळला जाणार कसा?

तरी फी राहिली. १८७० मध्ये देशभरासाठी कोर्ट फी कायदा आला. जेवढ्या रकमेचा दावा, त्या प्रमाणात स्टँप. आपल्याकडे आज चालतो तो १९५९ चा कायदा याच झाडाची फांदी. त्यात फीला कमाल मर्यादा असते. एकेकाळी ती १५ हजार रुपये होती, पुढे तीन लाख झाली, आणि २०१८ पासून दहा लाख. याच १५ हजाराच्या काळात एक मुद्दा सुप्रीम कोर्टात गेला होता. साध्या दाव्याला १५ हजारांची मर्यादा, पण मृत्युपत्राच्या प्रोबेटला मर्यादाच नाही, हे कसं? १९८८ मध्ये कोर्टाने ते चूक ठरवलं, आणि फी म्हणजे कर नव्हे, ती न्यायव्यवस्थेच्या खर्चाशी काहीतरी नातं ठेवून असली पाहिजे, हेही सांगितलं.

हे झालं कागदावरचं. आता शेतात काय झालं ते बघू.

सुपे, १२ मे १८७५

पुणे जिल्ह्यात, भीमथडीतलं सुपे. बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं, घरं गाठली आणि मागितलं काय, तर रोखे. खतं. हिशोबाचे कागद. ते बाहेर काढून जाळले. पुढे हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. शाळेत आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन मार्कांसाठी वाचतो.

पण त्यांनी माणसं न मारता कागद का जाळले? कारण त्या कागदाच्या मागे कोर्ट उभं होतं. चौकशी आयोग बसला, त्याने हे खोदून काढलं. सावकार दावा लावायचा. समन्स निघायचं, कधी पोचायचं, कधी नाही. शेतकरी हजर व्हायचा नाही. कोर्ट दूर, एक दिवस गेला तर मजुरी बुडते, वकिलाला पैसे नाहीत, आणि सही केलेला कागद आपल्याला वाचता येत नाही. मग एकतर्फी हुकूमनामा. मुद्दल, व्याज आणि वर दाव्याचा खर्चही शेतकऱ्याच्याच बोडक्यावर. म्हणजे ज्या कोर्टात तो पाऊलही टाकू शकला नाही, त्याचं भाडंसुद्धा त्यानेच भरायचं.

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ च्या सुमारास. त्यात भट-कामगार, कारकून, वकील यांच्या कचाट्यात सापडलेला अडाणी शेतकरी जागोजागी आहे. कोर्ट हे सावकाराइतकंच शेतकऱ्याला बुडवतं, हे त्यांनी मराठीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट मांडलं असं मला वाटतं.

सरकारने १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला. आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. ठाणे त्यात नव्हतं, नंतर तो पुढे पसरला. या कायद्यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, न्यायाधीशाने नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, मुळात किती पैसे दिले-घेतले ते उकरायचं. दोन, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि तीन, गावाजवळ सलोखा करणारे अधिकारी आणि गावमुन्सफ नेमायचे, आणि त्यांच्यासमोर वकील आणायचा नाही.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. वकील बाहेर. ती पुन्हा येणार आहे.

कुळ, आणि गैरहजेरीची किंमत

आता आपल्या भागात येऊ. टिटवाळा सगळ्यांना गणपतीमुळे माहीत आहे. तिथेच जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन झालं. त्याच वर्षी तलासरी-उंबरगावकडे वारल्यांचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर त्यात होत्या, आणि त्या कायद्याच्या पदवीधर होत्या हे अनेकांना माहीत नसतं. वेठ आणि खंड यांच्याविरुद्धचं हे वारं आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानातही पोचलं.

१९४८ ला कुळकायदा झाला. मग १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो कायद्याने मालक मानला गेला. ऐकायला किती सुंदर आहे. पण मानला गेला म्हणजे सातबारावर आला असं नाही. त्यासाठी कलम ३२ग ची चौकशी. मामलेदार नोटीस काढणार, कुळाने हजर राहायचं, जमीन घ्यायला तयार आहे असं सांगायचं, मग किंमत ठरणार, हप्ते ठरणार, आणि शेवटी ३२म चं सर्टिफिकेट.

आणि कुळ हजर राहिलं नाही तर? कायद्यात लिहिलंय. ते खरेदी करायला तयार नाही असं धरायचं आणि खरेदी निष्प्रभ ठरवायची. बघा, सुपेचा एकतर्फी हुकूमनामा नव्या कपड्यात परत आला. कायदा कुळाच्या बाजूचा, सरकार स्वतःचं, फी अगदी किरकोळ, तरीही एका दिवसाच्या गैरहजेरीने जमीन जाऊ शकत होती. बऱ्याच कुळांचं असं झालं, म्हणून १९६५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा लोकांना पुन्हा एक संधी द्यावी लागली.

आमचे आजोबा हजर राहिले. दर वेळी. पण मालकाने हरकत घेतली की हे कुळच नाहीत, सालदार आहेत. मग मामलेदार, त्यावर प्रांताकडे अपील, त्यावर मुंबईला महसूल न्यायाधिकरण. वहीत मुंबईच्या तारखा लाल शाईने आहेत. पहाटे चालत निघायचं, शहापूरला यायचं, आसनगाव स्टेशनवर गाडी पकडायची. वर भाकरीचं गाठोडं. भात लावणीच्या दिवसांत तारीख आली की पुढे फक्त दोन शब्द लिहिलेत, ‘लावणी राहिली’. त्याचा आकडा नाही.

मालकाकडेही वकील होता, त्यांचाही खर्च झाला. पण फरक कुठे होता? त्यांच्या अशा अनेक केसेस होत्या, एकच वकील सगळ्या बघायचा आणि तारखेला दिवाणजी जायचा. आजोबांची केस एकच होती आणि तारखेला आजोबाच जायचे. १९७४ मध्ये मार्क गॅलँटर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने नेमकं हेच लिहिलं. जो कोर्टात वारंवार येतो आणि जो आयुष्यात एकदाच येतो, यांच्यात नियम सारखे असले तरी खेळ सारखा नसतो. वारंवार येणाऱ्याला उशीर परवडतो. गंमत म्हणजे त्याच वर्षी आजोबा जिंकले.

जिंकल्यावर खर्च परत मिळतो का?

मला हा प्रश्न खूप साधा वाटायचा. हरला त्याने खर्च द्यावा. इंग्लंडमध्ये मूळ तत्त्व तेच आहे. अमेरिकेत साधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५ इंग्लंडच्या वळणाचं आहे, खर्च निकालामागे जातो. पण प्रत्यक्षात हुकूमनाम्याखाली जो खर्च लिहिला जातो तो वकिलाची ठरलेली फी, स्टँप, असा. खोटा दावा मुद्दाम लावला असेल तर कलम ३५अ खाली भरपाई मिळते, आणि तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये. ही मर्यादा १९७६ ची आहे.

२००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की खर्च म्हणजे प्रत्यक्षात झालेला वाजवी खर्च. त्यात जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ धरा, प्रवास धरा, राहण्याचा खर्च धरा. वाचताना मला आजोबांची वहीच डोळ्यासमोर आली. २०११ मध्ये त्याच कोर्टाने पुन्हा म्हटलं, की तीन हजाराची मर्यादा आता काही कामाची नाही, कायदा बदला. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ मध्ये नियम बदलले. मोठ्या कंपन्यांची सोय झाली. बांधावरच्या भांडणासाठी जुनंच चालू आहे.

आजोबांना जिंकल्यावर ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा’ असा हुकूम मिळाला. शेवटची ओळ.

वकील बाहेर, वकील आत

म्हटलं होतं ना, परत येईल म्हणून. १९७४ मध्ये महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत द्यायच्या. आमच्या दोन्ही तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी मोठ्या संख्येने, त्यामुळे हा कायदा इथे जिव्हाळ्याचा. त्यात एक तरतूद आहे, या चौकशीत कोणालाच वकील देता येणार नाही. कारण उघड होतं. जमीन घेणारा चांगला वकील उभा करील आणि ठाकराकडे एस.टी.चे पैसे नसतील.

याला आव्हान दिलं गेलं. लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र सरकार. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा आणि वकीलबंदीची तरतूद, दोन्ही कायम ठेवलं.

म्हणजे गरिबाला न्याय स्वस्त करायचा एक मार्ग, वकील दोघांचाही काढून घ्या. दुसरा मार्ग, ज्याच्याकडे नाही त्याला फुकट द्या. दुसऱ्याची सुरुवातही आपल्याकडेच आहे. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक मदतीसाठी समिती नेमली होती. १९७६ ला घटनेत कलम ३९अ आलं. १९७८ ला होसकोट खटला आला. हा माणूस महाराष्ट्रात शिक्षा भोगत होता आणि त्याचं अपील काही वर्षं उशिरा आलं, कारण निकालाची नक्कलच त्याला मिळाली नव्हती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं, कैद्याला निकालाची नक्कल मोफत द्या आणि वकील परवडत नसेल तर तोही द्या. एक नक्कल! आजोबांच्या वहीतले ते ९६ रुपये.

मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती, कोठडीतली व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, अर्ज तिथेच करायचा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. आणि आपल्या राज्यात १९९४ पासून मालमत्ता, पोटगी, घटस्फोट, छळ अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. हे कोणाला उपयोगी असेल तर कृपया पुढे सांगा. खूप जणींना माहीत नसतं.

वहीत नसलेलं नाव

आता माझ्या घरची गोष्ट पूर्ण करतो.

आमच्या भागात जमिनींचे भाव काय झालेत ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईतले लोक वीकेंडसाठी जागा शोधत येतात. आजोबांची ती जमीन आता विकायची चाललीय. त्यासाठी सातबारा मोकळा हवा, म्हणून आत्याचं हक्कसोडपत्र हवं. आत्या मुरबाड तालुक्यात दिलेली, सरळगावच्या बाजूला. दिवाळीत बाबा म्हणाले, “तू तिचा लाडका. तूच जा कागद घेऊन.” मी गेलो. बरोबर वहीही नेली, कारण तिला जुन्या गोष्टी आवडतात.

तिने वही हातात घेतली. तिला वाचता येतं, पण हळू. एक-एक ओळ मी वाचत गेलो. १९६८ ला म्हशाच्या यात्रेत बैल विकला. आजीच्या बुगड्या मोडल्या. ती ऐकत होती. मग म्हणाली, “आरं, ह्यात माझं नाव हाय का कुठं?”

मी शोधलं. नव्हतं.

मग तिने सांगितलं. बाप तारखेला गेला की आई मजुरीला जायची, म्हणजे तारखेचे पैसे निघतील. मग गुरं कोण राखणार, आणि धाकट्यांना कोण बघणार? ही. आधी तारखेच्या दिवशी शाळा बुडायची. बैल गेल्यावर बापाला दुसऱ्याच्या शेतावर जावं लागलं, तेव्हा हिने गवताचे भारे वाहिले. चौथीनंतर शाळा सुटली. १९६९. ती अकरा वर्षांची होती. धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, पुढे शाळेत गेले. ते शिकले म्हणून मी शिकलो. माझ्या बी.टेक.चा पहिला हप्ता, खरं सांगायचं तर, तिने भरलाय.

कायद्याने तिचा हिस्सा आहे का? आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बापाने मिळवलेल्या जमिनीत मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. तिने दावा लावला तर कोर्ट फी माफ, वकील मोफत. मी तिला हे सगळं सांगितलं, अगदी उत्साहात, कारण नुकतंच वाचलं होतं. ती हसली. म्हणाली, “कोर्टात गेले तर भाऊबीजेला कोणाकडं जाऊ? आन् कोर्टाचा खर्च मी एकदा दिलाय. आता पुन्यांदा न्हाई.”

इथे माझं एक्सेल संपलं. दोनशे वर्षांत आपण स्टँप कमी केला, माफ केला, वकील काढला, वकील दिला. हे सगळं खरंच झालं आणि त्याचा उपयोगही झाला, मी ते नाकारत नाही. पण सरकार माफ करू शकतं ते फक्त स्वतःचं. तारखेचा दिवस, बुडालेली लावणी, सुटलेली शाळा आणि माहेर, हे माफ करणं त्याच्या हातात नाही. आणि घरात हा खर्च वाटला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा अशा माणसाच्या वाट्याला येतो ज्याचं नाव दाव्यात नसतं आणि वहीतही नसतं.

आत्या सही करायला तयार होती. पेन माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, “राहू दे आत्या, आज नको.” कागद कोराच परत आणला.

घरी काय झालं ते सगळं सांगत नाही. काका रागावले, “ती काय कोर्टात जाणार आहे का?” नाही जाणार, आणि म्हणूनच हे आपल्याला कोर्टाबाहेर, घरात बसून ठरवायला हवं, एवढंच मी म्हणालो. बाबा गप्प होते. दोन दिवसांनी त्यांनी ती वही माझ्याकडून मागून घेतली. अजून परत दिलेली नाही. व्यवहार थांबलाय. हिस्सा किती, कसा, पैसे की जमीन, यावर बोलणं चालू आहे. निकाल लागला की कळवीन.

तुमच्याही घरात अशी एखादी वही, ट्रंक, कोर्टाच्या कागदांचं बोचकं असेल. उघडून बघा. खर्च कोणी लिहिला ते बघा, आणि मग घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, की त्या वर्षी तिचं काय काय राहिलं. ऐकलेलं मला कळवा, नावं न देता पुढच्या एखाद्या भागात घेऊ.

भेटू या पुढच्या महिन्यात.